काच खाली जाते, वर येत नाही

जूनचा दुसरा आठवडा होता आणि पाऊस सकाळपासून एका लयीत कोसळत होता. चिपळूणला हायवेलगत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम चालतं. दुपारी दीडच्या सुमारास एक पांढरी हॅचबॅक शेडमध्ये आली. पुढच्या डाव्या दाराला काचेच्या जागी खताच्या पोत्यातलं प्लास्टिक चिकटपट्टीनं लावलेलं, आणि त्याच्या कोपऱ्यातून पाणी आत ठिबकत होतं. गाडीतून गुहागर तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी उतरले. शेजारच्या सीटवर काकू होत्या, त्यांची डावी बाजू खांद्यापासून कोपरापर्यंत भिजली होती. खेडहून निघाल्यापासून परशुराम घाट उतरेपर्यंत पाऊस त्यांच्याच बाजूनं मारत होता.

"महिन्यात दुसऱ्यांदा," गुरुजी म्हणाले. "मोटर नवी, मशीन नवी, बटण नवं. दोन दिवस चालली आणि परत तेच. खाली जाते, वर येत नाही."

(मशीन म्हणजे दारातली काच वर-खाली करणारी यंत्रणा.) ही तक्रार माझ्याकडे दर पावसाळ्यात येते, आणि बऱ्याच वेळा माणसानं आधी कुठेतरी मोटरचे पैसे मोजलेले असतात. म्हणून हे एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून ठेवतो आहे. गाडीवाल्यांना आपल्या दारात काय चालतं ते कळेल, आणि हे काम शिकणाऱ्या पोरांना मीटर कुठे लावायचा ते.

गाडी नऊ वर्षांची, पेट्रोलची. चारही दारांना पॉवर विंडो, पण साध्या पद्धतीच्या. म्हणजे काचेसाठी वेगळा कॉम्प्युटर नाही, एकदा दाबून सोडलं की आपोआप वर जाणारी काच नाही, बोट सापडलं तर मागे फिरणारी काचही नाही. बटणातून करंट सरळ मोटरला जातो. अशा गाडीत दोष शोधणं सोपं असतं, फक्त वायर कुठून कुठे जाते ते डोक्यात पक्कं हवं.

गुरुजींना मी आधी बोलू दिलं. कधीपासून, कशी, कुठे बंद पडली, आणि मधेच कधी चालली का. शेवटचा प्रश्न मी कधीच सोडत नाही. गुरुजी थोडा वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "एकदा चालली. शृंगारतळीला पंपावर. मी पेट्रोलचं झाकण बघायला उतरलो होतो, नातू आत बसून बटणाशी खेळत होता, तेव्हा सरसर वर आली. मी परत बसलो, दार लावलं, की गेली." त्यांनी हे अगदी सहज सांगितलं. मी मात्र ते तेव्हाच जॉबकार्डवर लिहून घेतलं. पुढचे दोन तास त्या एका वाक्याभोवतीच फिरायचे होते.

चार वेळा बटण

स्क्रू काढण्याआधी पाच मिनिटं नुसती बटणं दाबायची, हा माझ्याकडचा नियम आहे. चावी ऑन केली. ड्रायव्हरच्या दाराची काच वर-खाली व्यवस्थित. मागच्या दोन्ही काचा व्यवस्थित. म्हणजे फ्यूज, रिले आणि मुख्य सप्लाय यांच्याकडे बघायची गरज उरली नाही. मेन स्विचवरचं, म्हणजे ड्रायव्हरजवळच्या सगळ्या काचांच्या बटणांच्या पट्टीवरचं, काचा लॉक करायचं बटण मोकळं होतं. तेही बघावंच लागतं. लहान मूल खेळता खेळता ते दाबून ठेवतं आणि माणूस मोटर गेली म्हणून गाडी घेऊन येतो, असं माझ्याकडे घडलेलं आहे.

मग डावी काच. तिला दोन बटणं: एक ड्रायव्हरजवळच्या मेन स्विचमध्ये, एक खुद्द डाव्या दारात. दोन बटणं, दोन दिशा, म्हणजे चार वेळा दाबून बघायचं. मी आत बसलो, दार लावून घेतलं. मेन स्विचवरून वर, काही नाही. मेन स्विचवरून खाली, काही नाही. डाव्या दारातून वर, काही नाही. डाव्या दारातून खाली, चालली! काच होती त्यापेक्षा चार बोटं अजून खाली उतरली आणि थांबली.

चारातली एकच चालते. ही माहिती सोन्यासारखी आहे, पण गाडी घेऊन येणारा ती कधीच सांगत नाही, कारण त्यानं चारही कधी दाबून पाहिलेली नसतात. तो म्हणतो, खाली जाते, वर येत नाही. ते खरंच असतं, फक्त अपुरं असतं.

आणखी एक बिनखर्चाची परीक्षा. छतातला दिवा लावायचा, इंजिन बंद ठेवायचं आणि बटण दाबून दिव्याकडे बघायचं. काच रबरात अडकली असेल किंवा मशीन जाम असेल, तर मोटर जोर लावते, भरपूर करंट ओढते आणि दिवा किंचित मंदावतो. कान दाराला लावला तर हलका घुर्र आवाजही येतो. इथे वरचं बटण दाबल्यावर दिवा ढिम्म हलला नाही आणि दारातून आवाजही आला नाही. म्हणजे मोटरला जोर लावायची संधीच मिळत नव्हती. (छतात एलईडी बसवला असेल तर हा फरक नीट दिसत नाही. या गाडीत जुना पिवळा बल्ब होता, म्हणून जमलं.)

काकूंची बाजू आधी

निदान पुरं व्हायला वेळ लागणार होता आणि प्लास्टिक तर फडफडत होतं. म्हणून दाराचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, काढलं. हँडलमागचा एक स्क्रू, आर्मरेस्टखालचे दोन, आणि मग कडेनं क्लिपा. क्लिपा नेहमी त्यांच्या अगदी शेजारी पट्टी घालून उचटायच्या. पॅडला धरून हिसका दिला की त्या पॅडमध्येच तुटतात.

पॅडमागे जे दिसलं त्यानं वाईट वाटलं. दाराच्या आतल्या पत्र्यावर कंपनीनं काळ्या डिंकानं चिकटवलेला प्लास्टिकचा कागद असतो. आधीच्या कामात तो अर्धा फाडून लोंबता सोडला होता. बऱ्याच जणांना तो पॅकिंगचा कागद वाटतो, पण त्याचं काम मोठं आहे. काचेच्या बाहेरच्या रबरातून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतंच, ते उतरायचंच असतं, आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. हा कागद ते पाणी गाडीच्या आत येऊ देत नाही. तो फाटला की पाणी पॅडवरून खाली मॅटमध्ये. काकूंच्या पायाखालची मॅट मी दाबून पाहिली, पिळता येईल इतकी ओली होती. गुरुजी आठवडाभर समजत होते की हे सगळं उघड्या काचेतून आलेलं पाणी आहे.

मोटरचा दोन पिनांचा कनेक्टर काढला आणि बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या दोन वायरी सरळ मोटरला दिल्या. काच सरसर वर आली. वायरींची अदलाबदल केली, काच खाली. परत बदलली, वर. ही मोटर डीसी असते, आत कायमचं चुंबक असतं, त्यामुळे प्लस-मायनस उलटलं की ती उलटी फिरते. पॉवर विंडोचं सगळं वर-खाली याच एका गुणावर चालतं. क्लॅम्प मीटरवर वर जाताना साडेपाच अँपिअरच्या आसपास दिसत होतं, म्हणजे मोटर, मशीन, काचेचं रबर, सगळं ठणठणीत. नव्या मोटरला काहीच झालेलं नव्हतं. जुन्या मोटरला तरी काही झालं होतं का, हा प्रश्न तेव्हाच माझ्या मनात आला.

काच वर गेली आणि मी कनेक्टर मोकळाच ठेवला. या मोटरमध्ये मळसूत्री गिअर असतो, तो चाकाकडून उलटा फिरत नाही, त्यामुळे करंट नसला तरी काच स्वतःहून घसरत नाही. काकू चहा घ्यायला शेजारच्या टपरीत जाऊन बसल्या.

करंट येतो कुठून आणि परत जातो कुठून

आता या प्रकरणाचा गाभा. मोटरला नुसता प्लस येऊन भागत नाही. मोटरमधून गेलेला करंट परत बॅटरीच्या मायनसपर्यंत पोचला पाहिजे. गाडीची बॉडी बॅटरीच्या मायनसला जोडलेली असते, त्यामुळे दिव्याला, हॉर्नला ही परतीची वाट जवळच बॉडीत मिळते, म्हणून आपण तिचा विचार करत नाही. काचेच्या मोटरला तसं करता येत नाही, कारण तिच्या दोन्ही वायरी आळीपाळीनं प्लस आणि मायनस व्हाव्या लागतात. मग कंपनी काय करते? डाव्या दाराच्या बटणातून दोन वायरी निघतात, डॅशबोर्डमागून गाडीची अख्खी रुंदी पार करतात, ड्रायव्हरच्या दारात शिरतात आणि मेन स्विचमध्ये जाऊन अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे जाणाऱ्या वाटेला, टेकतात. या गाडीत त्यांचे रंग निळा आणि तपकिरी होते. दुसऱ्या कंपनीत दुसरे असतील, जोडणीचा प्रकारही सगळ्या गाड्यांत हाच असतो असं नाही, पण साध्या पॉवर विंडोत तो फार आढळतो.

कोणी काही दाबलेलं नसताना निळी आणि तपकिरी, दोन्ही मेन स्विचमध्ये अर्थला असतात. मेन स्विचवर 'वर' दाबलं की निळीला १२ व्होल्ट मिळतात आणि मोटरमधून आलेला करंट तपकिरीतून परत जातो. 'खाली' दाबलं की उलट, तपकिरीला प्लस आणि परतीला निळी. डाव्या दारातल्या बटणाला स्वतःचा वेगळा प्लस असतो, पण अर्थ मात्र नसतो. तिथून 'वर' दाबलं तर प्लस तिथल्या तिथे मिळतो आणि परतीला तपकिरी लागते, ती थेट ड्रायव्हरच्या दारापर्यंत. तिथून 'खाली' दाबलं तर परतीला निळी.

आता माझी चार उत्तरं यावर ठेवून बघा. पहिल्या तीन प्रकारांत तपकिरी कुठे ना कुठे लागतेच, कधी जाण्यासाठी, कधी परतीसाठी. चौथ्यात, म्हणजे डाव्या दारातून खाली, तपकिरीचा संबंधच येत नाही. आणि चालत होता तो चौथाच. दार उघडण्याआधीच कागदावर उत्तर तयार होतं: तपकिरी वायर कुठेतरी तुटली आहे, किंवा मेन स्विचमधला तिचा कॉन्टॅक्ट गेला आहे. माझ्याकडे शिकणाऱ्या पोराला मी हे जॉबकार्डच्या मागच्या बाजूला काढून दाखवलं. तो बराच वेळ बोटानं रेषा फिरवत बसला, मग म्हणाला, "म्हणजे दादा, डाव्या दारात दोष नसेलसुद्धा." गुरुजींनी तो कागद मागून घेतला आणि चष्मा लावून तेही वाचू लागले.

मीटरनं आधी काय सांगितलं होतं

आधीच्या कारागिरानं काही न बघता मोटर बदलली असं नव्हतं. गुरुजींनी सांगितलं, "त्यानं मला मीटर लावून दाखवला. मोटरवर बारा व्होल्ट येतायत, तरी फिरत नाही, म्हणजे मोटर गेली." ऐकायला हे अगदी बरोबर वाटतं. मी स्वतः पहिली काही वर्षं असंच मोजत होतो आणि असेच निष्कर्ष काढत होतो.

कनेक्टर परत मोटरला लावला, काच डाव्या बटणावरून अर्धी खाली घेतली आणि कनेक्टरच्या पाठीमागून दोन टाचण्या पिनांपर्यंत सरकवल्या, म्हणजे मोटर जोडलेली असतानाच मोजता येतं. मी ड्रायव्हरच्या जागी बसून दार लावून घेतलं, लांब वायरीचा मीटर हातात. पोरगा डाव्या बाजूला बटण दाबायला. बॅटरी १२.५ होती.

डावं बटण 'वर'. मीटरची काळी टोचणी, म्हणजे काळा प्रोब, बॉडीला, लाल निळीच्या बाजूच्या पिनेवर: १२.४. इथेच आधीचा माणूस थांबला होता. मी लाल प्रोब दुसऱ्या पिनेवर नेला, तपकिरीच्या बाजूला, जिथे जवळपास शून्य दिसायला हवा: १२.२! म्हणजे मोटरच्या दोन्ही पायांवर बारा व्होल्ट. मग एक प्रोब या पिनेवर आणि एक त्या पिनेवर, मधे मोटर: ०.२. मोटरला प्रत्यक्षात मिळत होते ते एवढेच, दोन दशांश व्होल्ट. प्लस मोटरपर्यंत आला होता, तिच्यातून पलीकडेही गेला होता, आणि पुढे वाट बंद म्हणून तिथेच तुंबला होता. तुंबलेल्या गटारात पाणी काठापर्यंत दिसतं, पण वाहत नाही, तसं.

कनेक्टर काढून दोन रिकाम्या पिनांमध्ये मोजलं, तर १२.४ पूर्ण! हा दुसरा चकवा, आणि हा पहिल्यापेक्षा फसवा आहे, कारण इथे माणसानं दोन्ही पिना बरोबर धरलेल्या असतात. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्याचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो. वायर तुटून तिची टोकं नुसती गंजाला टेकलेली असली तरी मीटरपुरता कण त्यातून जातो आणि आकडा पूर्ण दिसतो. मोटरला मात्र पाच-सहा अँपिअर लागतात. म्हणून माझ्या खणात इंडिकेटरचा २१ वॅटचा एक बल्ब आहे, दोन वायरी लावलेला. तो त्या दोन पिनांना लावला, बटण दाबलं, बल्ब पेटला नाही. फिलामेंट लालसुद्धा झालं नाही. ज्याच्याकडे मीटर नाही त्यानं हा बल्ब तरी ठेवावाच. काचेच्या कामात मी त्याच्यावर जास्त विसंबतो.

आता तुटलं कुठे ते. लाल प्रोब तपकिरीवरच ठेवत ड्रायव्हरच्या बाजूला सरकत गेलो. डाव्या दाराच्या बटणावर १२.२. ड्रायव्हरच्या उजव्या पायाजवळच्या पॅनेलमागे, जिथे दाराची वायरिंग डॅशबोर्डच्या वायरिंगला मिळते, त्या कनेक्टरवर १२.२. मेन स्विचच्या पिनेवर ०.०. म्हणजे मेन स्विचचा कॉन्टॅक्ट चांगला होता आणि अर्थही चांगला होता. दोष त्या पायाजवळच्या कनेक्टरपासून मेन स्विचपर्यंतच्या दीड-दोन हातांत, आणि तिथे संशय घ्यायला एकच जागा असते: दार आणि बॉडी यांच्यामधली रबरी नळी.

(पायाजवळच्या पॅनेलमागे पिवळे कनेक्टर किंवा पिवळ्या नळीतल्या वायरी दिसल्या तर त्यांना मीटर, बल्ब, टाचणी काहीही लावू नका. त्या एअरबॅगच्या असतात.)

खात्रीसाठी पोराला डावं बटण 'वर' दाबून ठेवायला सांगितलं आणि मी ड्रायव्हरचं दार अगदी सावकाश उघडत गेलो. पाव उघडेपर्यंत काही नाही. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर डावी काच दचकून दोन बोटं वर आली, थांबली, परत आली. दार तिथल्या तिथे थोडं हलवलं की काच हलायची. गुरुजी बाहेर उभे राहून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य आणि थोडा राग, दोन्ही होते. "पंपावर मी उतरलो होतो तेव्हा हेच," ते म्हणाले.

हेच. आणि आधीच्या दुकानात मोटर बदलल्यावर काच चालली त्याचंही कारण हेच. कारागीर ड्रायव्हरचं दार सताड उघडं टाकून, बाहेर उभा राहून, आत हात घालून बटण दाबत होता. आपण सगळे तसंच करतो. दार उघडं असेपर्यंत तुटकी टोकं एकमेकांना टेकत होती. गाडी दोन दिवस धड चालली, कारण टोकं अजून कशीबशी धरून होती. नवीन मोटरचा त्यात काहीच वाटा नव्हता.

रबराच्या नळीत

बॅटरीची मायनस वायर सोडवली आणि ड्रायव्हरच्या दाराची रबरी नळी दोन्ही टोकांनी काढून मागे सरकवली. आत कंपनीच्या वायरींच्या जुडग्याशेजारी एक जाड काळी केबल घुसवलेली निघाली. तीनेक वर्षांपूर्वी दारात मोठे स्पीकर बसवून घेतले होते, त्याची ती. ती बसवणाऱ्यानं सगळं जुडगं प्लास्टिकच्या टायनं करकचून आवळलं होतं, आणि तेही नेमकं जिथे दार उघडताना वळण पडतं तिथे.

कंपनीच्या वायरी तिथे सैल सोडलेल्या असतात, त्याला कारण आहे. दार उघडताना त्या एकमेकींवरून सरकतात आणि पीळ लांबभर वाटला जातो. आवळल्या की सगळा वाक एकाच ठिकाणी येतो. ड्रायव्हरचं दार दिवसातून किती वेळा उघडतं ते मोजून बघा, आणि त्याला आवळल्यापासूनच्या तीन वर्षांनी गुणा.

तपकिरी वायर वरून धड दिसत होती. तुटलेली वायर डोळ्यांनी शोधू नये, बोटांनी शोधावी. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून थोडी थोडी ओढत जायचं. आत तांबं आहे तोवर ती ताठ लागते. टायच्या बरोबर खाली माझ्या बोटांत ती रबरबँडसारखी ताणली गेली. तिथे आत तांबं नव्हतं, नुसतं आवरण होतं. ब्लेडनं उभा छेद दिला. आत हिरवा कळंक, ताक ठेवलेल्या तांब्याच्या भांड्याच्या काठाला धरतो तसाच, फक्त भुकटी झालेला. तांब्याच्या बारीक तारा दोन्ही बाजूंनी झडून टोकदार झाल्या होत्या आणि मधल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत ती हिरवी पूड. आवरणाला एक केसाएवढी चीर होती, पाणी तिथून गेलं असणार. पूड माझ्या अंगठ्याला लागली आणि मी तो अंगठा गुरुजींना दाखवला. कितीतरी वेळ ते त्याकडे बघत होते.

मग बाकीच्या वायरीही अशाच चिमटीत धरून तपासल्या. निळीचं तांबं शाबूत होतं, पण आवरण चिरलं होतं. आरशाच्या एका वायरीचंही तसंच. दोन्ही आज ना उद्या जाणार होत्या. दार उघडलेलं आहे, नळी सुटलेली आहे, तर त्या आताच करून घ्याव्यात असं मी सांगितलं, आणि गुरुजी लगेच हो म्हणाले.

जोड

इथे घाई केली की गाडी सहा महिन्यांत परत येते. तुटलेल्या जागीच दोन टोकं पिळून टेप मारणं हे तर कामच नव्हे. सोल्डर करून तिथेच जोड देणारेही आहेत, आणि त्यांचा जोड दिसायला सुरेख असतो. पण सोल्डर तापल्यावर तारांमध्ये शिरतं आणि जोडाच्या पुढेही बोटभर वायर काडीसारखी कडक करून टाकतं. वाकणाऱ्या जागेत कडक वायर म्हणजे पुढची तूट कुठे होणार ते ठरलेलंच. म्हणून माझी पद्धत अशी: वाकणाऱ्या भागात जोड ठेवायचाच नाही.

कळंकलेली वायर दोन्हीकडून कापत गेलो, तांबं लखलखीत लागेपर्यंत. दाराच्या बाजूला सहा बोटं कापावं लागलं, कारण कळंक आवरणाच्या आतून दूरवर सरकलेला असतो. काळवंडलेल्या तारेवर केलेला जोड धरत नाही. मधे कंपनीच्या जाडीपेक्षा किंचित जाड, बारीक तारांची मऊ ऑटो वायर घातली, एक जोड दाराच्या पोटात, दुसरा पायाजवळच्या पॅनेलमागे. म्हणजे नळीतून जाणारा सगळा तुकडा अखंड. निळी आणि आरशाची वायर तशीच, फक्त त्यांचे जोड एकमेकांसमोर येणार नाहीत असे पुढे-मागे. जोड दाबून केले, वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवून तापवली. टोकांतून डिंकाचा थेंब बाहेर डोकावला की समजायचं, पाणी आता आत जाणार नाही. वर कापडी टेप, सैल. साधी काळी प्लास्टिक टेप उन्हाळ्यात चिकट होऊन सुटत जाते.

स्पीकरची केबल त्या नळीत परत घातली नाही. दारात मोठे स्पीकर हवेत की नकोत, हे गुरुजींनी ठरवायचं होतं. त्यांनी काकूंकडे बघितलं, काकूंनी मान हलवली, आणि तो प्रश्न मिटला.

मधे पोरानं एक चांगला प्रश्न विचारला होता. तपकिरीला डाव्या दारातच बॉडी अर्थ दिला असता तर एवढं काम वाचलं नसतं का? डाव्या बटणावरून काच वर आली असती हे खरं. पण मग मेन स्विचवर कोणी 'खाली' दाबलं की तपकिरीला प्लस मिळाला असता आणि तो सरळ अर्थला गेला असता. तुटकी जागा त्या क्षणी टेकलेली असली तर फ्यूज उडाला असता, आणि फ्यूजच्या जागी कोणी तार घातलेली असली तर वायरिंग पेटलं असतं. असा जुगाड केलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. काच चालते म्हणून माणूस खूश असतो, आणि पुढच्या कारागिराला दोष सापडत नाही.

बॅटरी जोडली. ड्रायव्हरचं दार बंद, मी आत. चारही प्रकार दाबले, चारही चालले. मीटर परत त्याच दोन टाचण्यांवर: काच वर जात असताना निळीच्या बाजूला ११.८, तपकिरीच्या बाजूला ०.३, दोघांच्या मधे ११.५. मग पोरानं बटण दाबायचं आणि मी दार उघड-बंद करायचं, तीस वेळा. काच एकदाही अडखळली नाही. तेवढ्या वेळात मोटर गरम झाली आणि एकदा स्वतःच थांबली. तिच्या आत तापल्यावर करंट तोडणारं संरक्षण असतं, आणि पाच मिनिटांत ती पूर्ववत झाली. हे आधी माहीत नसेल तर माणूस घाबरून पुन्हा पॅड उघडतो.

काचेच्या दोन्ही बाजूंच्या खाचेतलं रबर ओल्या फडक्यानं पुसून सिलिकॉन स्प्रे मारला. तिथे तेल किंवा ग्रीस कधी लावू नये, रबर फुगतं आणि धूळ धरतं. डाव्या दारातला फाटका कागद काढून टाकला, जाड पॉलिथिन मापानं कापून नव्या डिंकानं चिकटवलं, खालची कड दाराच्या पोटात वळवून, म्हणजे पाणी आतच उतरेल. तळाच्या भोकांतली माती टाचणीनं काढली, तेव्हा वाटीभर गढूळ पाणी जमिनीवर आलं. पॅडच्या पाच क्लिपा नव्या घातल्या. मॅट काढून शेडच्या दांडीवर टाकली, पण त्या हवेत ती वाळणार नव्हती, ते सगळ्यांनाच माहीत होतं.

सामान आणि मजुरी धरून ६५० रुपये झाले. मोटर, मशीन आणि बटणाला मिळून गुरुजींनी महिनाभरात साडेचार हजारांवर घातले होते. मी तो आकडा विचारला नव्हता, त्यांनीच सांगितला, आणि मला त्यावर काय बोलावं ते सुचलं नाही.

"जुनी मोटर त्यांनी परत दिली का?" मी विचारलं. दिली होती. बदललेला प्रत्येक पार्ट मागून घ्यायची गुरुजींची सवय, आणि ती सगळ्यांनी लावून घ्यावी अशी आहे. डिकीतून त्यांनी एक कापडी पिशवी आणली. टेबलावर मोटर पक्कडीत धरली, बॅटरीच्या दोन वायरी लावल्या. फिरली. वायरी उलटल्या, उलटी फिरली, तितकीच जोरात. जुनं बटणही मीटरवर दाबून पाहिलं, सगळे कॉन्टॅक्ट चोख.

काकू टपरीतून आल्या, गाडीत बसल्या आणि काच एकदा खाली-वर करून बघितली. गुरुजींनी माझ्या टेबलावरचा मार्कर घेतला, मोटरच्या पाठीवर शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा ठळक अक्षरांत 'चालू आहे' असं लिहिलं, खाली तारीख घातली, आणि पिशवी परत डिकीत ठेवली.